तेराचा पाना

“तेराचा पाना द्या की जरा. बाकड्यावर बघा, चिंधीखाली असंल.”

आवाज गाडीखालून आला. जॅकवर उचललेली पांढरी पद्मिनी, तिच्याखालून बाहेर आलेले दोन पाय, पायांत निळ्या पट्ट्यांच्या स्लिपर आणि माझ्या दिशेनं पसरलेला एक काळा हात. मी इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, एका हातात पेढ्यांचा पुडा आणि दुसऱ्या हातात लॅबमधून आणलेली पेटी अशा थाटात उभा होतो. पुडा आणि पेटी बाकड्यावर ठेवली, चिंधी उचलली, पाना शोधला आणि त्या काळ्या हातात दिला.

“बरं झालं,” गाडीखालचा आवाज म्हणाला. “आत बसा. अण्णा हाईत.”

मागून आई आली. तिनं मला हळूच विचारलं, “मुलगी कुठं आहे रे?”

“आई, बहुतेक मी तिला आत्ताच पाना दिला.”

आईनं गाडीखालच्या पायांकडे बघितलं, मग बाबगोंडामामांकडे बघितलं. मामांनी आकाशाकडे बघितलं. हे स्थळ त्यांनी आणलेलं होतं.

ही गोष्ट दोन हजार सालच्या जानेवारीतली, कोल्हापुरातल्या उद्यमनगरातली. तेव्हा मी पुण्यात इंजिनांच्या चाचण्या घेणाऱ्या एका लॅबमध्ये नोकरीला होतो. वय सत्तावीस, नाव कुंतिनाथ, डोक्यात हवा भरपूर. आठ महिन्यांपूर्वी मी कोल्हापुरात गो-कार्टच्या शर्यती बघायला आलो होतो. तिथं एका मुलीनं स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला लावलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले आणि शेजारच्या माणसाला सांगितलं, “बेरिंग गेलंय. दोन फेऱ्या टिकंल, तिसरीला न्हाई.” तिसऱ्या फेरीला गाडी बंद पडली. मी त्या दिवशी शर्यत कुणी जिंकली ते विसरून गेलो. पुण्याला परतल्यावर आईच्या मागं लागलो. ती नेमगोंडा मगदूम यांची त्रिशला, हे शोधून काढायला मामांना महिना लागला आणि मगदुमांचा होकार-नकार काहीतरी यायला पुढचे सहा महिने.

शेवटी निरोप आला तोही असा : मुलगा ते धूर मोजायचं मशीन घेऊन येणार असेल तर या, नुसतंच पोहे खायला येणार असेल तर राहू दे.

“मुलगी बघायला चाललोय की गॅरेज टाकायला?” आई एसटीत दोनदा म्हणाली. मामा म्हणाले, “आक्का, एक सांगून ठेवतो. मगदुमांच्यात दिवस मावळायच्या आत जेवत्यात. पोरगीला पटलं तर आपल्याला जेवायला ताटं मांडतील. न्हाई पटलं, तर चहावर वाटंला लावतील. तोंडानं काय बोलायचं न्हाईत. याआधीची दोन स्थळं चहा पिऊन गेलीत.”

तेव्हा मला काय हवं होतं ते अगदी स्पष्ट होतं. मला ताट हवं होतं.

त्रिशलाचे वडील नेमूअण्णा तेव्हा बासष्ट वर्षांचे होते. उंच, सडपातळ, कानात केस, अंगात शुभ्र बंडी. उद्यमनगरात त्यांना डॉक्टर म्हणत, कारण ते आधी गाडीला हात लावत नसत, नुसते ऐकत. त्यांनी मला बसवलं, बिनकांद्याचे पोहे पुढं ठेवायला लावले आणि माझ्या शिक्षणाची, पगाराची, गोत्राची चौकशी न करता पेटीकडे बोट केलं.

“काय मोजतंय हे?”

“हवा आणि पेट्रोलचं प्रमाण, अण्णा,” मी पोहे बाजूला सारून म्हणालो. हा विषय निघाला की मला भूक लागत नसे. “एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते. हवा त्याहून जास्त झाली तर इंजिन तापतं, कमी झाली तर पेट्रोल न जळता वाया जातं, काजळी धरते. आजवर हे अंदाजानं चालायचं. हे मशीन नेमका आकडा दाखवतं. चौदा पूर्णांक सात म्हणजे चौदा पूर्णांक सात.”

“अंदाजानं,” अण्णा म्हणाले. चाळीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं. आईनं मला टेबलाखालून पाय मारला.

तेवढ्यात त्रिशला आली. कोपरापर्यंत हात धुतलेले, पंजाबी ड्रेसवर अण्णांचा जुना खाकी शर्ट चढवलेला, शर्टाच्या खिशातून पान्याचं टोक डोकावत होतं. ती खुर्चीवर न बसता दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली आणि तिनं थेट मला विचारलं.

“म्हणजे ते पेट्रोल मोजतंय?”

“नाही. पेट्रोल नाही मोजत. धुरात न वापरलेला ऑक्सिजन किती उरलाय ते मोजतं. जास्त उरला असेल, तर पेट्रोल कमी पडलं. त्यावरून आकडा काढतं.”

“म्हणजे वास घेतंय आणि सांगतंय.”

“तसंच म्हणा.”

“बरं,” ती म्हणाली. “चला मग. मामांनी सांगितलेल्या मापाचा नट मी कालच पायपाला वेल्डिंग करून ठेवलोय. पाइपबी मीच चढवलोय परत. तुमचा सेन्सर तेवढा बसवायचा.”

कोल्हापूरच्या मुली स्वतःबद्दल ‘मी आलो, मी केलो’ असं बोलतात. मला ते ऐकूनच माहीत होतं. त्या दिवशी पहिल्यांदा ते माझ्याशी कुणी बोललं आणि मला ते फार आवडलं, हे इथं कबूल करायला हरकत नाही.

पद्मिनी अण्णांची स्वतःची होती. जोतिबाच्या चढावर ती धापा टाकते, एवढीच तक्रार. मी बूट-शर्टासकट गाडीशेजारी गुडघ्यावर बसलो, सेन्सर तिनं केलेल्या जागी फिरवला, बॅटरीवरून वायर घेतली, पेटी बॉनेटच्या कडेला ठेवली. अण्णांनी गाडी चालू केली. पेटीवर लाल आकडे उमटले. मामा, आई आणि आतून बाहेर आलेल्या त्रिशलाच्या आई, सगळे सोनाराच्या काट्याकडे बघावं तसे त्या आकड्यांकडे बघत राहिले.

सोळा पूर्णांक आठ.

“हवा फार, पेट्रोल कमी,” मी म्हणालो. “अण्णा, म्हणूनच चढावर दम लागतोय.”

अण्णांनी मान तिरकी करून इंजिन ऐकलं. शेजारच्या कारखान्यात दोन लेथ चालू होते, त्यामुळे तिथं काही नाजूक ऐकू येणं कठीणच होतं. “मला तर ठीक वाटत होतं,” ते एवढंच म्हणाले.

“वाटणं वेगळं आणि आकडा वेगळा, अण्णा. आकडा खोटं बोलत नाही.”

आता हे वाक्य आठवलं की माझं मलाच हसू येतं. पण तेव्हा मी ते छाती काढून म्हणालो होतो, आणि म्हणताना दाराच्या चौकटीकडे बघितलं होतं. त्रिशला खिशातल्या पान्याशी चाळा करत उभी होती.

मी कार्ब्युरेटरचा स्क्रू अर्धा फेरा बाहेर काढला, म्हणजे पेट्रोल थोडं वाढलं. सोळा पूर्णांक दोन. मग त्रिशलाला म्हणालो, पेट्रोल ज्या बारीक भोकातून येतं तो जेट एक नंबर मोठा लागेल. तिनं डब्यातून पितळी जेट काढून दिला, न विचारता. पंधरा पूर्णांक सहा. आणखी एक नंबर मोठा. स्क्रू आणखी पाव फेरा. पंधरा. पुन्हा पाव फेरा, आणि पेटीवर आलं चौदा पूर्णांक सात.

“बघा,” मी म्हणालो.

“बघितलं,” आई म्हणाली. तिनं पदर नाकाला लावला होता. गाडीच्या मागून काळा धूर येत होता आणि वाळत घातलेल्या धोतराकडे जात होता. त्रिशलाच्या आईंनी ते धोतर गुपचूप काढून आत नेलं.

“जुना साठलेला कचरा जळतोय,” मी सांगितलं. अगदी बिनदिक्कत. कसला कचरा, कुठं साठलेला, कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. कुणी विचारलं नाही.

अण्णांनी टोपी घातली. “जोतिबाला जाऊन येऊ. चढावर कळंल. आमचं बघायचं वेगळं असतंय.”

अण्णा चालवत होते, शेजारी मी मांडीवर पेटी घेऊन, मागच्या सीटवर त्रिशला. आई आणि मामा घरी थांबले. तीन वाजून गेले होते. उन्हं उतरायला लागली होती, उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून चालल्या होत्या. सपाटीवरच गाडी जडावल्यासारखी वाटायला लागली. अण्णा पॅडल दाबत होते, गाडी विचार करत होती. पंचगंगेच्या पुलावर मागून एका रिक्षानं हॉर्न दिला आणि आम्हाला ओलांडून गेली. अण्णांनी ते मनाला लावून घेतलेलं मी पाहिलं.

चढ सुरू झाला. अण्णांनी पॅडल तळाला नेलं. गाडीनं एक उसासा टाकला आणि घुसमटली. आणि माझ्या मांडीवरचा आकडा खाली उतरायला लागला. तेरा. बारा. अकरा. दहा पूर्णांक आठ.

मी पेटीवर टिचकी मारली.

“काय सांगतोय आकडा?” अण्णांनी विचारलं.

“पेट्रोल फार जास्त,” मी म्हणालो. “पण अंगणात तर... सेन्सर तापला असेल बहुतेक. नाहीतर तुमच्या बॅटरीचा काहीतरी...”

तिथंच थांबलो. मला माझंच बोलणं ऐकू आलं. आधी कचरा, मग सेन्सर, आता बॅटरी.

अण्णांनी एका वळणाच्या आधी पॅडल तळाशी ठेवूनच किल्ली फिरवली, क्लच दाबला आणि गाडी तशीच बंद अवस्थेत घरंगळत रस्त्याकडेला घेतली. “हे आमचं बघणं,” ते म्हणाले. “पूर्ण जोरावर असताना दम तोडायचा. मग प्लग काढून बघायचा. शेवटच्या घडीला आत काय चाललं होतं ते प्लगवर लिहिलेलं असतंय. गाडी हळू होऊ दिली की पुसलं जातंय.”

त्रिशला बॉनेटखाली वाकलीही होती. तिनं जाड चिंध्यांत धरून गरम प्लग बाहेर काढला आणि माझ्यासमोर धरला. कोळसा. तिनं दुसरा काढला. तोही कोळसा. तिसरा काढायची गरज नव्हती.

“भाकरीवरच्या डागासारखा यायला पायजे,” अण्णा म्हणाले. “तव्यावर भाजताना मधोमध पडतो न्हवं, तसला बदामी.”

मी रस्त्याच्या कठड्यावर बसलो. खाली उसाची शेतं, दूर कोल्हापूर, सूर्य पन्हाळ्याकडे सरकत चाललेला. अंगणात मशीन म्हणत होतं पेट्रोल कमी. इथं तेच मशीन म्हणत होतं पेट्रोल जास्त. प्लग म्हणत होता जास्त. अंगणातला काळा धूरही जास्तच म्हणत होता आणि मी त्याला कचरा म्हणालो होतो.

माझ्याकडे अजून दोन-तीन सबबी शिल्लक होत्या. पेट्रोलमध्ये भेसळ ही त्यातली सगळ्यात बळकट. आमच्या धंद्यात ती कायम खिशात असते. मी तोंड उघडलंही होतं. पण त्रिशला ते दोन काळे प्लग हातात घेऊन समोर उभी होती आणि मला एकदम वाटलं, हिच्यासमोर आता आणखी एक थाप मारायची नाही. ताट गेलं तर गेलं.

“अण्णा,” मी म्हणालो, “मी चुकलो.”

“कुठं चुकला?”

“ते अजून माहीत नाही. पण तुमची गाडी सकाळी ठीक होती. आता ती माझ्यामुळं बिघडलीय. आणि मशीनही बिघडलेलं नाही, ते उगाच म्हणालो मी. चूक माझ्यात कुठंतरी आहे. मला दहा मिनिटं द्या.”

अण्णा गाडीत जाऊन बसले. त्रिशला मात्र माझ्यापासून हातभर अंतर सोडून कठड्यावर टेकली. थोड्या वेळानं रस्त्याकडे बघत म्हणाली, “ते धुरातला उरलेला ऑक्सिजन मोजतंय म्हणाला न्हवं तुम्ही?”

“हो.”

“उरलेला,” ती पुन्हा म्हणाली, आणि चप्पलेतला खडा काढायला वाकली.

मी तिच्याकडे बघितलं. मग गाडीकडे. उरलेलाच, हे मशीनला कसं कळणार? ते बिचारं नळीत जो ऑक्सिजन येईल तो मोजतं. तो इंजिनातून आला की बाहेरून, त्याला काय ठाऊक?

“गळती,” मी उठलोच. “पाइप कुठंतरी गळतोय. धूर एकसारखा वाहत नाही, ठोक्याठोक्यानं येतो. दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणाला पाइप बाहेरची हवा आत ओढतो. गाडी अंगणात नुसती उभी असताना धुराला जोर नसतो, म्हणून हवा शिरते. मशीनला ती दिसते आणि ते म्हणतं, ऑक्सिजन फार, पेट्रोल कमी. चढावर धुराला इतका जोर असतो की बाहेरची हवा शिरतच नाही. म्हणून इथला आकडा खरा.”

“आणि लॅबात असलं कधी झालं न्हाई?” अण्णांनी खिडकीतून विचारलं.

इथं मला दुसऱ्यांदा लाज वाटली. “लॅबमध्ये पाइप तपासायला वेगळा माणूस आहे, अण्णा. तो तपासून सही करतो, मग मी मशीन लावतो. पाच वर्षं मी कधी स्वतः पाइप बघितलाच नाही.”

अण्णा मोठ्यांदा हसले. दिवसभरातलं त्यांचं पहिलं हसू. “सही,” ते म्हणाले. “आमच्यात सही करायला कोण न्हाई.”

परत आलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते. आई ओट्यावर बसली होती आणि तिच्यापुढं चहाचा कप होता. नुसता चहा. मामांनी माझ्याकडे बघून खांदे पाडले. मी त्यांच्याशी बोललोही नाही. साबणाचं पाणी मागितलं, धूर गळतीतूनच बाहेर पडावा म्हणून चिंधीचा बोळा करून मागच्या पायपाच्या तोंडात दाबला, अण्णांना गाडी चालू करायला सांगितली आणि गाडीखाली शिरलो. इस्त्रीच्या शर्टाचं काय झालं ते आईनं पुढं अनेक वर्षं सगळ्यांना सांगितलं. इंजिनाखाली जिथं धूर पायपात उतरतो, त्या जोडावर मी साबणाचं पाणी सोडलं. वाफेबरोबर बुडबुडे फुगून आले. एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनंही.

“सापडलं,” मी खालून ओरडलो. गाडी बंद केली. जोडावर तीन नट होते. एक घट्ट. दोन ढिले, अगदी थोडे.

“तेराचा पाना द्या.”

पाना लगेच हातात आला. त्रिशलाच्या खिशातच होता तो. मी दोन्ही नट आवळले, बाहेर आलो आणि कपडे झटकायचं नाटक केलं.

तेव्हा अण्णा वाकले आणि त्यांनी तो जोड स्वतः बघितला. बराच वेळ बघितला. मग सरळ उभे राहिले आणि मघाशी हसलेला माणूस हा नव्हेच अशा आवाजात म्हणाले, “पाइप काल कुणी चढवला?”

लेथ बंद झाले होते. त्रिशला खाली बघत होती. उत्तर सगळ्यांना माहीत होतं, तिनंच दुपारी सांगितलं होतं. आणि मला तिचं खाली बघणं अजिबात सहन होईना.

“कुणीही चढवला असेना, अण्णा,” मी म्हणालो. “नवा जोड तापला-निवला की नट सैल होतोच. मशीन लावायच्या आधी जोड बघणं हे माझं काम होतं. ज्याचं मशीन त्याचं काम. ते मी केलं नाही.”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मग लेकीकडे. घसा खाकरला. “जुना जेट घाला,” एवढंच म्हणाले.

जुना जेट घातला, स्क्रू जिथं होता तिथं आणला. पेटीवर अंगणात आलं साडेचौदा. मग त्रिशलानं स्टिअरिंग घेतलं आणि आम्ही तिघं धावत-पळत चढापर्यंत जाऊन आलो. चढावर पूर्ण जोर लावताना पेट्रोल जास्त लागतं, तिथं आकडा साडेबारा हवा; तो तेराच्या जरा वर थांबला. पेट्रोल किंचित कमी, गाडीची तक्रार खरी होती पण केसभराची. एकच नंबर मोठा जेट, रस्त्याकडेला उभ्या उभ्या बदलला. आकडा साडेबारा. पद्मिनी चढ चढली ती गाणं म्हणत. प्लग काढला, तो बदामी. अण्णांनी तो उन्हाकडे धरला, मग पेटीकडे बघितलं, मग परत प्लगकडे.

“दोघं एकच सांगाय लागलेत,” ते म्हणाले. त्या आवाजातला आनंद मी त्यानंतर फार थोड्यांदा ऐकला. येताना आम्ही त्याच पुलावर एका रिक्षाला मागं टाकलं. ती तीच होती असं अण्णांचं मरेपर्यंत म्हणणं होतं.

घरात शिरलो तर सूर्य टेकायला आला होता. आई पिशवी आवरून उठलीच होती. त्रिशला तिच्यासमोरून हात धुवायला गेली आणि जाता जाता स्वयंपाकघराच्या दारात आपल्या आईला म्हणाली, “आई, ताटं घ्या की लवकर. दिवस मावळाय लागलाय.”

बाबगोंडामामांनी मला धरून अशी काही मिठी मारली की त्यांच्याही शर्टाचं नुकसान झालं.

या गोष्टीला पंचवीस वर्षं होऊन गेली. दहा वर्षं पुण्यात काढून आम्ही इथंच उद्यमनगरात आलो. गॅरेज आता आम्ही दोघं चालवतो. पद्मिनी अजून आहे, सणावारी बाहेर काढतो. या पंचवीस वर्षांत आमची भांडणं झाली, चांगली कडाकडा झाली, पण एक गोष्ट मी कधी बोललो नाही. त्या दिवशी नट आवळायला ती विसरली होती, हे मी एकदाही तिच्या तोंडावर काढलं नाही. हा हुकमाचा एक्का हातात असून मी कधी टाकला नाही, याचा मला मनातून फार अभिमान होता.

गेल्या रविवारी ऋजुताला, आमच्या लेकीला, बघायला मुलगा येणार होता. खरं तर तिनंच निवडलेला. पुण्यात गाड्यांच्या इंजिनांचे कॉम्प्युटर जुळवतो. येताना मीटर आणतो म्हणाला, हल्ली ते मोबाइलवरच आकडे दाखवतं. अकराची वेळ ठरली होती. पावणेअकराला मी त्रिशलाला शोधत होतो, साडी नेसून तयार हो म्हणून सांगायला. घरात नाही, परड्यात नाही. गॅरेजात गेलो.

पद्मिनी जॅकवर होती. खालून दोन पाय बाहेर आलेले, चांगल्या साडीचा काठ गुडघ्यापर्यंत खोचलेला.

“काय करतेस?” मी विचारलं.

त्रिशला सरकत बाहेर आली. हातात तेराचा पाना. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मी पान्याकडे.

“किती ढिले केलेस?” माझ्या तोंडून निघालं ते हेच.

“दोनच. तुमच्या वेळंला केलेले तेच.”

मी बाकड्यावर बसलो. “त्या दिवशी मी आलो तेव्हा तू गाडीखाली...”

“नट गच्च बसलेला. बाहेर पॉलिश केलेलं बूट दिसलं, म्हटलं पाव्हणंच आलं, आता काय करायचं? तुम्हालाच पाना मागितलो आणि तुम्ही दिला हातात.”

“अण्णांना माहीत होतं?”

“नट बघितल्यावर कळलं त्यांना. तुम्ही गेल्यावर मला बोलले. बोलले म्हणजे काय, हसलेच जास्त.”

“आणि गळती मला सापडलीच नसती तर?”

“मी सांगितलोच की तुम्हाला घाटात. कळू नये म्हणून तेवढा चप्पलेतला खडा काढलो.” तिनं पदराच्या आतल्या बाजूनं नाक पुसलं. “गळतीचं काय घेऊन बसलाय. गळती कुणालाबी सापडतीया. ह्या धंद्यात माणूस चुकत न्हाई. पेट्रोल चुकतंय, पार्ट चुकतोय, गिऱ्हाईक चुकतंय, न्हाईतर बायको चुकतीया. मी लहानपणापास्नं बघतोय. तुम्ही घाटात म्हणाला, ‘मी चुकलो’. आणि घरात आल्यावर माझ्याकडं बोट केलं न्हाई. मग काय, म्हटलं ताटं घ्या.”

माझा पंचवीस वर्षं जपलेला एक्का मी तिला दाखवलाच नाही. दाखवण्यासारखं त्यात काही राहिलं नव्हतं.

“ऋजुताला माहीत आहे हे?”

“पाना तिनंच काढून ठेवलाय.”

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला, दारं उघडली, कुणीतरी घसा साफ केला. मी तिच्या हातातून पाना घेतला. “घट्ट करू नगासा हं,” ती म्हणाली. मी गाडीखाली वाकून दोन्ही नटांना बोट लावून बघितलं. एक ठीक होता. दुसरा जरा जास्तच सैल केला होता तिनं, आवाज झाला असता आणि पोरानं लगेच ओळखलं असतं. तो मी पाव फेरा आवळला, पाना परत चिंधीखाली ठेवला आणि पाव्हण्यांना या म्हणायला बाहेर गेलो.